पानाची वरची बाजू

आमच्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या दारात एक मोठं झाड आहे. त्याची पानं बदामाच्या आकाराची असतात, आणि शरदात ती पिवळी होऊन गळायला लागली की पाक करपल्यासारखा गोड वास आवारभर सुटतो. या झाडाला नाव आहे आणि विभागातल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. वनस्पतिशास्त्रज्ञांना निदान स्वतःच्या दारातलं झाड ओळखता यावं, एवढी अपेक्षा शिक्षण मंत्रालयसुद्धा ठेवतं. तरी आम्ही त्याला ‘दारातलं झाड’ म्हणतो. छाटणीची सूचना लावायची झाली तरी फलकावर ‘दारातलं झाड’ असंच लिहिलेलं असतं.

झाडाचं नाव कात्सुरा. आमच्या जपानी भाषेत केसांच्या टोपालाही कात्सुराच म्हणतात. आणि आमचे विभागप्रमुख, प्राध्यापक कुराशिना, टोप घालतात.

तो टोप कसा आला हे कुणी पाहिलेलं नाही. सेन्सेई (गुरुजनांना आम्ही असंच म्हणतो) वसंताच्या सुट्टीवर गेले तेव्हा त्यांचं डोकं घासलेल्या परातीसारखं होतं. परत आले तेव्हा डाव्या बाजूला भांग पाडलेला होता. कार्यालयातल्या निशिमोरीबाईंनी चहा पुढे करत म्हटलं, “सुट्टी मानवली हं तुम्हाला, सेन्सेई.” त्या एका वाक्यानं विभागाचं धोरण ठरलं. मंत्रालयाची धोरणं मंत्र्यांबरोबर बदलतात; हे टिकलं. प्रयोगशाळेतला पंखा त्या दिवसापासून जमिनीकडे तोंड करून फिरतो. ऑगस्टमध्ये, आमच्या या जपानातल्या कोचीत रस्त्यावरचं डांबर पायाला चिकटतं तेव्हासुद्धा, सेन्सेई खोलीत असले की आम्ही खिडक्या बंद ठेवतो आणि एकमेकांना सांगतो की समुद्राकडचा वारा नमुन्यांना बाधतो.

इथवर काही बिघडलं नव्हतं. पण पानावर जी बारीक लव असते तिला आमच्याकडे ‘के’ म्हणतात, आणि डोक्यावरच्या केसांनाही ‘के’च म्हणतात. वनस्पतिशास्त्राचं या लवेवाचून चालत नाही. दोन रोपं सख्ख्या बहिणींसारखी दिसतात तेव्हा पुष्कळदा एकीच्या पानावर लव असते, दुसरीच्या नसते, आणि सगळा निकाल त्यावर लागतो. पण सेन्सेईंच्या समोर उभं राहून ‘याला केस आहेत, त्याला नाहीत’ असं म्हणणार कोण? तसा नियम कुणीच केला नाही. फक्त आमच्याकडे मुळांवर प्रबंध व्हायला लागले. बियांवर झाले, परागकणांवर झाले. खोडातल्या नळ्यांवर तर इतके झाले की एका परदेशी नियतकालिकानं आमच्या विभागाला त्या विषयाची थोर परंपरा आहे असं छापलं. पानाच्या खालच्या बाजूवरही एक प्रबंध होऊन गेला. वरच्या बाजूकडे कुणी फिरकलं नाही.

मी यासुओका, इथला सहायक प्राध्यापक. प्राध्यापकांना जे विद्यार्थ्यांशी बोलवत नाही ते विद्यार्थ्यांना सांगायचं, आणि विद्यार्थ्यांना जे प्राध्यापकांशी बोलवत नाही ते कुणालाच सांगायचं नाही, असं माझ्या कामाचं स्वरूप आहे.

डॉक्टरेटसाठी आलेल्या तोकुहिरो कायो या मुलीला मी मुळांचाच विषय द्यायला हवा होता. पण तिनं कुराशिनासो निवडलं. ‘सो’ म्हणजे रोप; हे रोप आमच्या शिकोकू बेटावरच्या डोंगरात ओढ्याकाठी उगवतं आणि त्याला जांभळ्या घंटांसारखी फुलं येतात. सेन्सेई स्वतः विद्यार्थी असताना त्यांना ते सापडलं, आणि त्यांच्या गुरूंनी त्याला त्यांचं नाव दिलं. शास्त्रातलं लॅटिन नाव वेगळं असतं, पण ते छापण्यापुरतं. लोक हाक मारतात ते नाव खरं, आणि जिवंतपणी आपल्या नावाचं रोप डोंगरात डोलतंय हे पाहायला मिळणं आमच्या धंद्यात फार थोड्यांच्या नशिबी येतं. कोची स्टेशनवर कुराशिनासोच्या चित्राचा बिस्किटांचा डबाही मिळतो. विभागात पाहुणा आला की सेन्सेई तोच डबा उघडतात आणि झाकण पाहुण्याच्या बाजूला वळवून ठेवतात.

एका दुपारी तोकुहिरो चहाच्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं.

“यासुओका-सान, ही दोन रोपं आहेत.”

“कुठली?”

“कुराशिनासो. ते एक नाहीच. फुलायचे महिने वेगळे, बिया वेगळ्या, जनुकं वेगळी. इतकी वर्षं आपण दोघांना एकाच नावानं हाका मारतोय.”

“वा, वा!” मी म्हटलं. आमच्या विभागात काही नवं सापडण्याची सवय मोडलेली होती, त्यामुळे मला खरोखर आनंद झाला. “म्हणजे तुझा प्रबंध झालाच की गं. पण डोंगरात उभं राहिल्यावर ओळखायचं कशावरून? प्रत्येक वेळी बी फोडायचं?”

“नाही. वरूनच कळतं.”

“कशाच्या वरून?”

“पानाच्या.”

मी पेला खाली ठेवला.

“एकाला आहेत,” ती म्हणाली. “एकाला नाहीत.”

“काय?”

“यासुओका-सान, तुम्हाला कळलंय काय ते.”

कळलं होतं. आणि त्यापुढचंही कळलं होतं, कारण आमच्याकडे नवीन रोपाला नाव द्यायची रीत ठरलेली आहे. ते ज्या जुन्या रोपासारखं दिसतं त्याचं नाव घ्यायचं आणि त्याच्या पुढेमागे एक शब्द जोडायचा. लहान असेल तर ‘हिमे’, म्हणजे राजकन्या. आडदांड असेल तर ‘ओनी’, म्हणजे राक्षस. दिसायला तसंच पण कुठल्याच उपयोगाचं नसेल तर ‘इनु’, म्हणजे कुत्रा. ही नावं हजारो रोपांना आहेत आणि कुणाला त्यात काही वाटत नाही, कारण मूळ नाव बहुधा दुसऱ्या एखाद्या रोपाचं असतं. इथे ते आमच्या विभागप्रमुखांचं होतं.

तोकुहिरोनं वही उघडली. “मी काही नावं काढलीत. इनु-कुराशिना.”

“कुत्रा कुराशिना? नको.”

“निसे-कुराशिना.”

“खोटा कुराशिना. अगं, ते तुझे मुख्य परीक्षक आहेत.”

“कुराशिना-मोदोकी.”

“म्हणजे कुराशिनाची नक्कल. ते नाव तर मलाच शोभेल. पुढे.”

“ओनी म्हणावं तर ते तेवढं मोठं नाही. हिमे म्हणावं तर लहान नाही. मग रीतीप्रमाणे एकच उरतं.” तिनं आवाज खाली आणला. “के-नाशी-कुराशिना.”

केसांवाचूनचा कुराशिना. आम्ही दोघांनीही दाराकडे पाहिलं.

“गावाचं नाव लाव ना,” मी म्हटलं. “तोसा-कुराशिना. आपल्या प्रांताचं जुनं नाव. कुणाच्या बापाचं काय जातंय?”

“दोन्ही तोसातच उगवतात. आणि सेन्सेई काय शिकवतात? ‘नावातून झाड दिसलं पाहिजे. गावाचं नाव लावणं म्हणजे झाड न बघता पत्ता लिहिणं.’ पहिल्याच तासाला फळ्यावर लिहून घेतलं होतं त्यांनी आमच्याकडून.”

हे खरं होतं. माझ्याकडूनही लिहून घेतलं होतं.

आता तोकुहिरोची अडचण नीट सांगायला हवी. सेन्सेई मार्चअखेर निवृत्त होणार होते. तिची तोंडी परीक्षा फेब्रुवारीत, भर सभागृहात, त्यांच्याच अध्यक्षतेखाली. कोबेच्या एका वनस्पती उद्यानानं तिला एप्रिलपासून नोकरी देऊ केली होती, डॉक्टरेट हातात असेल तर. फेब्रुवारी हुकला तर सेन्सेई जाणार, नवे प्राध्यापक खोडातल्या नळ्यांचे, आणि ती नोकरी दुसऱ्या कुणाला. मी सहायक प्राध्यापकाला शोभेल असा सल्ला दिला.

“तो भाग गाळून टाक.”

“मग उरलं काय?”

“मुळं.”

“मुळं दोघांची सारखीच आहेत, यासुओका-सान!”

ती उठली. “मी आधी मूळ नमुना बघून येते,” असं म्हणून जिना चढून गेली.

पहिल्यांदा नाव देताना जी वाळवलेली फांदी कागदावर चिकटवून ठेवतात, तीच त्या नावाची खरी मालक. जगातली बाकीची सगळी रोपं तिच्याशी नातं जुळलं तरच ते नाव लावू शकतात. कुराशिनासोची ती फांदी आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या कपाटात, डांबराच्या गोळ्यांच्या वासात निजलेली होती. सेन्सेईंनी तरुणपणी स्वतः खुडलेली. ती पूज्य होती, म्हणजे कुणी उघडून बघत नसे.

तोकुहिरो खाली आली तेव्हा मी भांडी विसळत होतो.

“यासुओका-सान, तुम्ही बसा.”

“सांग ना.”

“आधी बसा. मूळ नमुन्याला नाहीत.”

“काय नाहीत?”

“केस!” ती म्हणाली. त्या खोलीत कित्येक वर्षांत तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. मला वाटलं भिंतीवरचं कॅलेंडर पडेल. “पान साफ गुळगुळीत आहे. गुरूंच्या लॅटिन वर्णनातही तेच लिहिलंय, गुळगुळीत. मग चित्र काढणाऱ्यानं खालच्या ओढ्याजवळचं दुसरंच रोप समोर ठेवलं आणि त्याला लव काढली. ते चित्र पुस्तकांत गेलं. बिस्किटांच्या डब्यावर गेलं. आणि आपल्याकडे...”

“आपल्याकडे पानाची वरची बाजू बघायची चाल नाही,” मी म्हटलं.

मग माझ्या लक्षात आलं आणि मी हसायलाच लागलो. “अगं, पण हे तर बरंच झालं! म्हणजे नाव नसलेलं रोप ते लवेचं. नवं नाव त्याला द्यायचं. के-कुराशिना. केसाळ कुराशिना! यात कसला अपमान? उलट सेन्सेईंना...”

“उलट काय? मी सभागृहात उभी राहून काय सांगणार ते ऐका.” तिनं पदरचं काही न घालता, परीक्षेत बोलावं तशा आवाजात म्हटलं, “‘खरा कुराशिना हा टकलाच आहे. केस असलेला जो आपण सगळे रोज पाहतो, तो दुसराच कुणीतरी आहे.’”

मी बसलो.

पुढचे आठवडे आम्ही शब्द शोधण्यात घालवले. लवेला ‘पृष्ठीय आच्छादन’ म्हणायचं ठरलं. लव नसणं म्हणजे ‘आच्छादनाचा स्वाभाविक अभाव’. शिवाय आणखी एक अडचण निघाली. लव नसलेलं खरं कुराशिनासो उघड्या, वाऱ्याच्या कड्यांवर उगवत होतं. आणि लवेचं रोप न चुकता एका विशिष्ट झाडाच्या सावलीत. झाड कुठलं, हे दारातून आत येणाऱ्याला सांगायला नको. तोकुहिरोनं प्रबंधात लिहिलं: ‘बदामाकृती पानांच्या, पानगळीच्या काळी करपलेल्या साखरेचा गंध येणाऱ्या उंच वृक्षाखाली.’

“हे शास्त्र आहे की स्वयंपाकाचं पुस्तक?” तिनं विचारलं.

“हे शिष्टाचाराचं पुस्तक आहे,” मी म्हटलं. “तुला त्या... आच्छादनाविषयी केव्हा कळलं गं?”

“पहिल्याच दिवशी. माझ्या बाबांचं केस कापायचं दुकान आहे. माल उत्तम आहे, यासुओका-सान, पण माप एक घर मोठं घेतलंय.”

प्रबंधाचा मसुदा सेन्सेईंकडे गेला. तो परत आला तेव्हा आम्ही दोघं चहाच्या खोलीत डोकं खुपसून पानं उलटत होतो. मुळांच्या प्रकरणावर लाल शाई सांडल्यासारखी होती. आच्छादनाच्या प्रकरणात मात्र त्यांनी फक्त स्वल्पविराम दुरुस्त केले होते. सगळे, एकूण एक. आणि ‘करपलेल्या साखरेचा गंध’ या शब्दांपाशी पेन्सिलीनं एक बारीकसं प्रश्नचिन्ह होतं.

“रागावलेत?” तोकुहिरो म्हणाली.

“रागावले की ते मोठं प्रश्नचिन्ह काढतात.”

“मग?”

“मला माहीत नाही. अजून वेळ आहे, गाळ ते प्रकरण.”

तिनं पानं गोळा केली आणि कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या. “मी ते रोप चार ऋतू बघितलंय. पावसात, जळवांत. त्याला नाव नाही म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नाही, आणि पुढच्या वर्षी त्या ओढ्यावरून रस्ता जाणार आहे. नाव नसलेल्या रोपासाठी कुणी रस्ता वळवत नाही, यासुओका-सान.”

मी तिला स्वल्पविराम उतरवून घ्यायला पेन दिलं.

परीक्षेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. गरम हवेचं यंत्र निशिमोरीबाईंनी स्वतः उभं राहून भिंतीकडे वळवून घेतलं होतं, त्यामुळे भिंत उबदार होती. मधल्या खुर्चीत सेन्सेई, भांग जागच्या जागी. त्यांच्या शेजारी बाहेरचे परीक्षक, ओसाकाचे प्राध्यापक नागाई. नागाईंचं डोकं निसर्गानं ठेवलं तसंच होतं आणि ते मधून मधून त्यावरून हात फिरवत होते. ओसाकाची माणसं पोटातलं ओठात आणायला वेळ लावत नाहीत. आम्ही त्यांना बोलावलं होतं ते सगळ्यांत स्वस्त गाडीनं येतात म्हणून, ही आमची चूक.

तोकुहिरोनं सुरुवात चांगली केली. नकाशे झाले, बिया झाल्या, जनुकांचे तक्ते झाले. मग ती म्हणाली, “मूळ नमुन्याच्या पानात पृष्ठीय आच्छादनाचा स्वाभाविक अभाव आढळतो, तर दुसऱ्या रोपात...”

“थांबा जरा,” नागाई म्हणाले. “हे आच्छादन म्हणजे काय?”

“म्हणजे... वरच्या पृष्ठभागावरील एक प्रकारचं...”

“ताडपत्री?”

“नाही, सेन्सेई.”

“छत्री?”

“नाही.”

“मग काय आहे काय? मी सकाळपासून प्रबंध वाचतोय आणि मला वाटतंय मी तंबूंच्या दुकानात आलोय. तुम्हा कोचीकरांचं चाललंय तरी काय? पोरी, साधं विचारतो. ते पान टकलं आहे की नाही?”

मागे निशिमोरीबाईंच्या हातातल्या किटलीचं झाकण वाजलं आणि वाजायचं थांबेना. मी माझे बूट बघायला लागलो. डाव्या बुटाची नाडी सुटत आली होती. मी तिच्याकडे इतक्या आस्थेनं कधीच पाहिलं नव्हतं.

तोकुहिरोनं सेन्सेईंकडे पाहिलं. सेन्सेई समोरच्या कागदाकडे पाहत होते. मग तिनं हातातली छडी टेबलावर ठेवली.

“टकलं आहे,” ती म्हणाली. “खरा कुराशिनासो टकलाच आहे. केस असलेला तो दुसरा.”

नागाई खूश झाले. “मग असं म्हणा ना! आता कळलं.” त्यांनी समाधानानं स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला आणि शेजारी वळले. “कळलं ना, कुराशिना-सान?”

सेन्सेईंनी ध्वनिवर्धक जवळ ओढला. तो खरखरला, त्यांनी तो जरा लांब केला, परत जवळ घेतला.

“तोकुहिरो.”

“हो, सेन्सेई.”

“हा नमुना जुना आहे. जुन्या पानावरची लव झडू शकते. आज दिसत नाही म्हणजे पूर्वी नव्हतीच, असं तू कसं म्हणतेस?”

आवाज नेहमीचाच होता. प्रश्न इतका नेमका होता की मला स्वतःची लाज वाटली. माझ्या मनात तो आलाच नव्हता, कारण मी त्या विषयाच्या आसपास विचार करायचं सोडून दिलं होतं.

“मी तपासलं, सेन्सेई. लव झडली तर तिचा बुंधा मागे राहतो. भिंगाखाली बारीक वर्तुळं दिसतात. मी सगळी पानं पाहिली. एकही वर्तुळ नाही. केस गळलेले नाहीत. मुळातच नव्हते.”

“मुळातच नव्हते.”

“हो.”

“म्हणजे गळले नाहीत.”

“नाही, सेन्सेई.”

सेन्सेईंनी कागदावर काहीतरी टिपून घेतलं. “या दोन वेगळ्या गोष्टी आहेत,” ते म्हणाले. “लोक त्यांत गल्लत करतात. माझे गळले. म्हणून विचारलं.”

किटलीचं झाकण वाजायचं थांबलं.

“माझेही गळले,” नागाई म्हणाले.

“दिसतंय,” सेन्सेई म्हणाले आणि पान उलटलं. “आता दुसरा प्रश्न. हे करपलेल्या साखरेचं झाड कुठलं?”

तोकुहिरोच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ती एक मोठी गोष्ट बोलून चुकली होती. माणूस दिवसातून एकदाच तेवढं धाडस करतो. तिनं माझ्याकडे पाहिलं. आणि काय झालं कोण जाणे, मी मान हलवली. माझ्या नोकरीतलं तेवढंच एक काम मी स्वतःच्या जबाबदारीवर केलेलं आहे.

“कात्सुरा,” ती म्हणाली.

“मोठ्यानं सांग. मागे ऐकू जात नाही.”

“कात्सुरा, सेन्सेई! लवेचं रोप नेहमी कात्सुराच्या खालीच असतं.”

“नेहमी?”

“मला एकही अपवाद सापडला नाही.”

“हं.” सेन्सेईंनी पडद्याकडे पाहिलं. तिथे तिनं सुचवलेलं नाव होतं: के-कुराशिना. “रीतीला धरून आहे. पण मी हे मान्य करणार नाही.”

तोकुहिरोनं टेबलाची कड धरली.

“तू त्या ओढ्याकाठी पावसात गेली आहेस,” सेन्सेई म्हणाले. “पान ओलं झालं की लव चिकटून बसते. तेव्हा केस दिसतात?”

“...नाही, सेन्सेई.”

“आपल्या डोंगरात पाऊस किती दिवस असतो?”

“बहुतेक दिवस.”

“म्हणजे बहुतेक दिवस ते नाव खोटं. नावातून झाड दिसलं पाहिजे, असं मी शिकवत आलो. ओल्या पानावरचे केस दिसत नाहीत. डोक्यावरचा कात्सुरा मात्र लांबून दिसतो.” त्यांनी पेन खाली ठेवलं. “सगळ्यांना दिसतो. मला वाटतं, कात्सुरा-कुराशिना म्हणावं.”

पहिल्यांदा हसले ते नागाई. त्यांचं हसू इतकं मोठं होतं की सभागृहाला बराच वेळ आवाजाची सोय झाली, आणि त्याच्या आडोशानं आम्ही बाकीच्यांनीही हसून घेतलं. सेन्सेई हसले नाहीत. ते गंभीरपणे तोकुहिरोच्या उत्तराची वाट पाहत होते.

“चालेल, सेन्सेई,” ती म्हणाली. ती रडत होती, पण आवाज परीक्षेचाच होता. “ते जास्त बरोबर आहे.”

“अर्थातच. आणि पुढच्या वेळी झाडाचं नाव लिहीत जा. मला वाटलं तू मिठाईचं दुकान काढते आहेस.”

परीक्षक आतल्या खोलीत गेले आणि चहा निवायच्या आत बाहेर आले. तोकुहिरो उत्तीर्ण झाली. निशिमोरीबाईंनी कुराशिनासोच्या बिस्किटांचा डबा उघडला. नागाईंनी झाकण हातात घेऊन डोळ्यांजवळ नेलं. “अरे, पण हा तर दुसराच आहे,” ते म्हणाले, आणि पुढचा सगळा वेळ बिस्किटं खात राहिले.

एप्रिलमध्ये तोकुहिरो कोबेला गेली. रस्त्याच्या खात्याकडे नव्या रोपाचं नाव, नकाशा आणि सेन्सेईंच्या सहीचं पत्र पोहोचलं होतं. तिथल्या साहेबानं दूरध्वनी करून दोनदा विचारून घेतलं म्हणे, की हे नाव खरंच असंच लिहायचं का.

पण हे नंतरचं. मार्चच्या शेवटच्या दिवशी सेन्सेईंचं सामान गाडीत भरलं जात होतं. फलकावर निशिमोरीबाईंनी नवी सूचना लावलेली होती: ‘उद्या कात्सुराची छाटणी. सायकली हलवाव्यात.’ सेन्सेई तिच्यापुढे उभे राहिले, वाचली, आणि एक स्वल्पविराम कमी आहे म्हणाले.

मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो. झाडाला नुकती लालसर पालवी फुटत होती. समुद्राकडून वारा सुटला होता, आणि मला इतकी वर्षं साठलेलं काहीतरी बोलायचं होतं, पण सवय नव्हती.

“सेन्सेई,” मी शेवटी म्हटलं, “नाव छान दिलंत. झाडावरून.”

ते गाडीत बसता बसता थांबले. एक हात डोक्यावर गेला, कारण वारा खरोखरच जोराचा होता.

“झाडावरून नाही तर कशावरून, यासुओका?” ते म्हणाले, आणि दार लावून घेतलं.